दक्षिणेला तोंड करून बसलेलं घर

ते घर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. आम्ही राहतो त्या ट्रुगानिना उपनगरातून पश्चिमेला तासभर गाडी हाकली की वस्ती संपते आणि सपाट माळ सुरू होतो. मेंढ्या, तारेची कुंपणं, वाऱ्याने एका बाजूला झुकलेली झाडं, आणि मधेच हा काळ्या दगडाचा दुमजली डोलारा. छपराच्या दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींना पायऱ्यापायऱ्यांची कड, जणू कुणी तिथून चढून धुराड्यापर्यंत जाणार आहे. एका कोपऱ्याला चक्क बुरूज, आणि त्या बुरुजाला बाण मारायला असाव्यात तशा अरुंद फटी. "मेंढ्यांनी हल्ला केला तर हवा म्हणून बांधला असेल," असं मी बॉसला म्हणाले. तो हसला नाही. जुन्या इमारतींवरचे विनोद त्याला चालत नाहीत, हे मला तोवर माहीत नव्हतं.

पुण्यात मी अकरा वर्षं आर्किटेक्ट होते. इथे, या परक्या देशात आल्यावर सहा वर्षं एका कंपनीत किचन कॅबिनेटची ड्रॉइंग्ज काढली. कुठला ड्रॉवर किती मिलिमीटर, बिजागरी डावीकडे की उजवीकडे. काम वाईट नव्हतं, माणसंही चांगली होती, पण माझ्या हाताला गंज चढतोय असं मला रोज वाटायचं आणि रोज त्याचा राग नवऱ्यावर निघायचा. मग जुन्या इमारतींचं काम करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं. मुलाखतीत बॉसने इथल्या ब्लूस्टोनचा एक तुकडा टेबलावर ठेवला. नाव ब्लूस्टोन, पण तो आपला काळा पाषाणच. मी तो हातात घेतला, टाकीचे घाव कुठल्या दिशेने आलेत ते बोटाने चाचपलं आणि घडवणारा कारागीर बहुतेक डावखुरा होता असं सांगून टाकलं. खरंखोटं देव जाणे. नोकरी मिळाली.

हे घर म्हणजे माझं पहिलंच मोठं काम. मालकीण ऐंशी पार केलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. इथे सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारतात, तीही म्हणाली की मला नावानेच बोलव. माझ्या तोंडून ते निघेना. मग समोर मी तिला काहीच म्हणत नसे आणि मनात आजीबाई म्हणत असे. आजीबाईंनी घर तिथल्या कौन्सिलला, म्हणजे नगरपालिकेला, द्यायचं ठरवलं होतं. अट एकच, मरेपर्यंत मी इथेच राहणार. कौन्सिलला ते घर पूर्वीच्या रूपात आणून लोकांना बघायला खुलं करायचं होतं. आमच्या रिपोर्टने घराच्या एकेका भागाला दर्जा द्यायचा होता: हे ठेवलंच पाहिजे, हे ठेवलं तर बरं, हे काढलं तरी चालेल. ज्याला तिसरा दर्जा मिळेल त्याच्यावर बुलडोझर फिरणार हे सगळ्यांना माहीत होतं.

जानेवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, मी मोजमापाला सुरुवात केली. मूळ घर नीटनेटकं, लांबट चौकोनी. दक्षिणेला दर्शनी बाजू, तिथे मोठमोठ्या खिडक्या, आत दिवाणखाना आणि जेवणाचं दालन. भिंती दोन फूट जाड. बुरूज मागाहून पहिल्या मालकाच्या मुलाने बांधलेला. त्याचा दगड वेगळ्या खाणीतला, जरा भुरकट. उत्तरेची बाजू म्हणजे घराची पाठ. मूळ नकाशात तिथे फक्त कोठीची खोली, मागचा दरवाजा आणि दोन झरोके. पण त्या पाठीला पुढच्या पिढ्यांनी काय काय चिकटवलं होतं! आधी पत्र्याच्या छपराचा व्हरांडा. मग तो व्हरांडा अर्धा बंद करून केलेली लाकडी फळ्यांची खोली. मग तिच्या पुढे आणखी एक खोली, तिला तिन्ही बाजूंनी काचेच्या पट्ट्यांच्या खिडक्या. जमिनीच्या तीन पातळ्या, छपराचे चार उतार, एकही कोन धड काटकोनात नाही. मी मोजपट्टी धरून मनातल्या मनात शिव्या देत होते. आणि आजीबाई आपला संसार नेमका त्या पडवीत थाटून बसल्या होत्या. पलंग तिथे, टेबल तिथे, चहाची किटली तिथे. पुढची भव्य दालनं चादरी पांघरून रिकामी पडलेली.

दिवाणखान्याच्या कपाटात मला मूळ नकाशा सापडला. स्कॉटलंडहून आलेला, कापडावर चिकटवलेला, शाई अजून काळी. कुणा मेंढपाळाने इथे पैसा केल्यावर आपल्या गावाकडच्या आर्किटेक्टला पत्र लिहून घर मागवलं होतं, आपण सोफा मागवतो तसं. नकाशात दक्षिणेच्या खिडक्यांबाहेर बारीक तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, 'सूर्याची बाजू.' तो कागद हातात धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. इतक्या वर्षांनी खऱ्याखुऱ्या नकाशाला हात लागला होता, आणि खरं सांगायचं तर माझे डोळे भरून आले होते.

त्या दिवशी उकाडा फार होता, म्हणून दर्शनी बाजू मी संध्याकाळी मोजायला घेतली. सहा वाजून गेले होते आणि ऊन सरळ त्या खिडक्यांवर आलेलं. नकाशात लिहिलेलं डोळ्यांनी दिसत होतं. आणखी काय पाहिजे?

मग मी रिपोर्ट लिहिला. झोकात लिहिला. मुख्य दालनांना भरपूर ऊन मिळावं म्हणून रचनाकाराने किती विचारपूर्वक ती दक्षिणेला ठेवली, याचं अर्धं पान कौतुक केलं. उत्तरेकडच्या खोल्यांबद्दल लिहिलं की घराच्या सावलीच्या बाजूला गरजेपुरती केलेली ही जोडाजोड आहे, कलात्मक मूल्य नाही, काढल्यास मूळ रचना मोकळी होईल. तिसरा दर्जा. शिवाय एक आगाऊ सूचना दिली, की मालकीणबाईंची सोय पुढच्या प्रशस्त, उजेडाच्या दिवाणखान्यात करावी. मला वाटलं मी त्यांच्यावर उपकारच करतेय. म्हातारं माणूस, कशाला बिचारीने त्या पडवीत दिवस काढायचे?

बॉसने वाचलं, दोन स्वल्पविराम बदलले आणि मसुदा कौन्सिलला आणि आजीबाईंना पाठवून दिला.

जुलैत ऑफिसला त्यांचा फोन आला. "त्या मुलीला पाठवा. सकाळी नऊला. मोजपट्टी आणू नको म्हणावं."

मी गेले तेव्हा माळावर पांढरं दव गोठलेलं होतं आणि समुद्राकडून येणारा दक्षिणेचा वारा हाडांत शिरत होता. आजीबाईंनी दार उघडलं, माझा कोट काढून घेतला आणि मला दिवाणखान्यात बसवलं. एका खुर्चीवरची चादर आधीच काढून ठेवली होती. हातात चहाचा कप दिला आणि म्हणाल्या, "बस हं. मी आलेच." आणि गेल्या त्या गेल्याच.

आधी मी शहाण्यासारखी छताचं नक्षीकाम बघत बसले. मग चहा गार झाला. मग माझी बोटं गार झाली. खिडक्या सहा, प्रत्येक माझ्या दुप्पट उंच, आणि एकीतूनही उन्हाची तिरीप नाही. बाहेर घराची सावली दव गोठलेल्या हिरवळीवर लांबच लांब पडली होती. त्या सावलीकडे बघता बघता मी कप खाली ठेवला.

सूर्य इथे, दक्षिण गोलार्धात, उत्तरेकडून जातो. हे मला माहीत नव्हतं का? शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मी सहा वर्षं या देशात राहतेय. पण माहीत असणं वेगळं आणि हाडात मुरणं वेगळं. माझ्या हाताने अकरा वर्षं पुण्यात घरं काढली, तिथे हिवाळ्याचं ऊन दक्षिणेच्या खिडकीतून आत येतं, आणि हात तेच खरं धरून चालला होता. जानेवारीत दिसलेलं ऊन म्हणजे उन्हाळ्यातल्या मावळत्या सूर्याचा तासाभराचा पाहुणचार होता. आणि त्या स्कॉटलंडच्या आर्किटेक्टने आपल्या गावच्या सूर्याप्रमाणे घर काढलं, ते जहाजाने इथे आलं, आणि जसंच्या तसं दगडात बांधलं गेलं. थंड वाऱ्याकडे तोंड, उन्हाकडे पाठ. त्याने निदान हा देश पाहिला तरी नव्हता. मला ती सबब नव्हती.

वीसेक मिनिटांनी आजीबाई आल्या. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चल, आता खऱ्या घरात जाऊ."

पडवीत पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. काचेच्या पट्ट्यांतून ऊन थेट पलंगापर्यंत आलं होतं. फळ्यांची जमीन पायाला कोमट लागत होती. हीटर बंद होता. मी उभीच राहिले, बसायचा धीर होईना.

"माझ्या सासूबाई लग्न होऊन इथे आल्या, त्या तिकडच्याच," आजीबाई म्हणाल्या. "दिवाणखान्यात कोट घालून बसायच्या. म्हणायच्या, अगदी स्कॉटलंडला असल्यासारखं वाटतं. म्हणजे इतका गारठा." त्या हसल्या, मग गंभीर झाल्या. "हा व्हरांडा त्यांनी भांडून बांधून घेतला. पुढची ती खोली आम्ही दोघांनी केली, मी आणि माझ्या नवऱ्याने. सुतारकाम वाईट आहे, तू लिहिलंस ते बरोबर. त्याला कोन काढता यायचे नाहीत. पण दर हिवाळ्यात माझी खुर्ची उन्हाबरोबर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरकते. डिअर, मला त्या पुढच्या खोलीत ठेवलंत तर मी पुढचा ऑगस्ट बघणार नाही. मी रडगाणं गात नाहीये, सांगतेय फक्त."

मी सॉरी म्हणाले. तीनचारदा म्हणाले. "नो वरीज," त्या म्हणाल्या, "पण लिहून बदल."

घरी परत येताना मला स्वतःचा इतका संताप आला होता की मी दोनदा चुकीच्या रस्त्याला लागले. घरात शिरल्या शिरल्या फोनवर कंपास उघडला आणि खोल्याखोल्यांतून फिरायला लागले. ट्रुगानिनातलं हे घर घेताना आम्ही असाच कंपास धरून फिरलो होतो. दरवाजा पूर्वेला हवा, स्वयंपाकघर आग्नेयेला हवं, सासूबाई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर दिशा पडताळत होत्या. मी आर्किटेक्ट असूनही मान डोलावली होती, कारण आग्नेयेच्या ओट्यावर सकाळचं कोवळं ऊन येतं हे मलाही शिकवलेलं होतं. शेजारच्या गल्लीतलं घर आम्ही नाकारलं, का तर त्याचं स्वयंपाकघर उत्तरेला होतं. आता आमच्या आग्नेयेच्या ओट्यावर मे ते ऑगस्ट उजेडाला दिवा लावावा लागतो आणि कणीक मळताना बोटं आखडतात.

नवरा लॅपटॉपवरून डोकावला. "अगं, काय शोधतेयस?"

"उत्तर."

"मग मिळाली का?"

"गॅरेजमध्ये आहे."

तो उठून आला, मागोमाग आमचा लेकही आला. गॅरेजच्या पत्र्याच्या शटरवर ऊन तळपत होतं, आत छान ऊब होती. आम्ही तिघं गाडीभोवती उभे राहिलो. "मम, इट्स सो वॉर्म इन हिअर," लेक म्हणाला, "व्हाय डोंट वी लिव्ह इन द गॅरेज?" नवऱ्याला हसू आवरेना. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, माझ्या डोळ्यातल्या मुसळाचा ईएमआय आम्ही सहा वर्षं भरत होतो.

दुसऱ्या दिवशी बॉससमोर बसले. वाटेत मी वाक्यं पाठ केली होती, ती सगळी विसरले. नुसतं म्हणाले, "माझ्या रिपोर्टमध्ये सूर्य चुकलाय." कॉन्ट्रॅक्टचा एक महिना उरला होता. पुन्हा ड्रॉवर आणि बिजागऱ्या, हे मला स्वच्छ दिसत होतं. त्याने मसुदा काढला, ते अर्ध्या पानाचं कौतुक पुन्हा वाचलं आणि मसुदा मिटून ठेवला.

"मी इथे जन्मलो," तो शेवटी म्हणाला. "साठ वर्षं झाली. मी हे वाचलं आणि खाली सही केली. तू सुंदर लिहिलं होतंस म्हणून मी खिडकीबाहेर बघितलंच नाही. चूक दोघांची आहे. तू प्रकरण परत लिही, मी कौन्सिलला कळवतो."

त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. माझ्यावर ढकलून मोकळं होणं त्याला अगदी सोपं होतं. बाहेरून आलेली, तात्पुरती, इथलं शिक्षण नाही. कुणी एक शब्दही विचारला नसता.

मी पुन्हा लिहायला बसले तेव्हा तेच घर वेगळं दिसायला लागलं. मी त्या जोडकामाला घराच्या पाठीला चिकटलेलं लटांबर समजत होते. पण तारखांप्रमाणे भाग मांडत गेले तशी गोष्ट उलगडली. बुरूज बांधणारा मुलगा अजून बापाच्या गावाकडेच बघत होता. मग कुणीतरी मागच्या दरवाजात खुर्ची टाकून बसलं. तिथे ऊन लागतं हे कळलं. मग व्हरांडा, मग बंद खोली, मग काचा. दगड काही वळत नाही, पण माणसांनी एकेक खोली करून घराचं तोंड उन्हाकडे फिरवलं होतं. ही त्या घराची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट होती आणि मी तिला तिसरा दर्जा दिला होता. आता पडवीला पहिला दर्जा दिला, वाकड्या कोनांसकट.

कौन्सिलच्या बैठकीत मला बोलायला उभं केलं. आजीबाई पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स घट्ट धरून. बॉस माझ्या शेजारी. एका सभासदाने दोन्ही मसुदे हातात उंच धरले. "पहिल्यात तुम्ही म्हणता हे पाडा. दुसऱ्यात म्हणता हेच सगळ्यात मोलाचं. आम्ही कुठलं खरं मानायचं?"

प्रश्न रास्त होता. तयार केलेलं उत्तर तांत्रिक होतं, सूर्याच्या कोनांचे तक्ते वगैरे. ते कागद मी बाजूला ठेवले.

"ज्याने हे घर काढलं त्याने जी चूक केली तीच मी केली," मी म्हणाले. "तो आपल्या गावचा सूर्य घेऊन आला, मी माझ्या गावचा. मी ट्रुगानिनात राहते. माझ्या घरात सगळ्यात उबदार जागा माझ्या गाडीला दिलेली आहे." सभागृहात हशा पिकला. मला हसू येत नव्हतं. "मी सहा वर्षांपूर्वी आले. या घराला ही चूक सुधारायला तीन पिढ्या लागल्या. ती सुधारणा तुम्ही पाडलीत, तर उरेल ती फक्त चूक. नीट जपलेली. आणि या बाईंना तुम्ही तिच्यात राहायला सांगाल."

मी खाली बसले. बॉसने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मत घेतलं गेलं. पडवी राहणार, आणि आजीबाई तिच्यात राहणार. त्यांनी पर्स उघडून रुमाल काढला, नाक पुसलं, पर्स बंद केली. माझ्याकडे बघितलंही नाही. मला वाटलं, माझ्यावरचा राग अजून गेला नसावा.

ऑगस्टमध्ये छापलेल्या ड्रॉइंग्जचा संच द्यायला गेले. दुपारचे बारा वाजले असतील. आजीबाई एकेक पान लांब धरून बघत होत्या. त्यांच्या नवऱ्याने बांधलेल्या खोलीचा प्लॅन आला तेव्हा त्यांनी वाकड्या कोनावर बोट ठेवलं. "हाही काढलास."

"काढला. अंशासकट."

त्यांनी मान हलवली आणि चहा करायला उठल्या. मला म्हणाल्या, त्या खुर्चीत बस. मी बसले. ऊन पाठीवर आलं, मग मानेवर. किटलीचा आवाज येत होता, पुढचं काही मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा ऊन पलीकडच्या भिंतीवर गेलं होतं. माझ्या अंगावर लोकरीचं ब्लँकेट होतं, बूट काढून बाजूला जोडीने ठेवलेले. आणि खुर्ची मी बसले होते तिथे नव्हती, उन्हाबरोबर दोन हात पुढे सरकलेली होती. त्या ऐंशीपारच्या बाईने मला झोपेत खुर्चीसकट ढकललं होतं. या देशात मी पुष्कळांच्या घरी जेवले, वाढदिवसांना गेले, गणपतीला गेले, पण कुणाच्या घरी अशी निर्धास्त झोपले नव्हते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

घड्याळात तीन वाजून गेले होते. मी घाईघाईने बूट शोधायला लागले. "ऑफिसला फोन करायला हवा," मी म्हणाले, "ते वाट बघत असतील."

"मी केला," आजीबाई शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणाल्या. "सांगितलं, ती अजून खोली तपासतेय."